गाडलेली वास्तू उघडताना आणि उघडल्यावर: उत्खनन ते जतन, टप्प्याटप्प्याने

मातीखाली गाडलेली भिंत दोन हजार वर्षं टिकते आणि उघडी केल्यावर चार-सहा पावसाळ्यांतच तिच्या पायाशी विटांचा भुगा साचू लागतो. जमिनीखाली ओलावा आणि तापमान फारसं बदलत नाही, उजेड नसतो, प्राणवायू कमी असतो आणि दोन्ही बाजूंच्या मातीने भिंतीला घट्ट धरून ठेवलेलं असतं. उत्खनन करताना हा सगळा आधार आपण काही दिवसांत काढून घेतो. म्हणून ‘आधी खणू, जतनाचं मग बघू’ हा विचार मला अजिबात मान्य नाही. खणायचं ठरलं त्या दिवशीच जतनाचं काम सुरू होतं, आणि जेवढं पुढे सांभाळता येईल तेवढंच उघडावं. खालचा प्रत्येक टप्पा याच भूमिकेतून लिहिला आहे.

पुरातत्त्वाचे विद्यार्थी, पहिल्यांदा उत्खननावर जाणारे स्वयंसेवक आणि जुन्या अवशेषांची देखभाल अंगावर आलेले अभियंते यांना हा लेख उपयोगी पडावा. मात्र परवान्याशिवाय कुणीही खणू नये. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एकट्याने हौसेखातर खणलेला खड्डा त्या जागेचा इतिहास कायमचा पुसून टाकतो. विहीर, पाया किंवा चर खणताना जुनी भिंत लागली तर काम तिथेच थांबवा, सापडलेल्या वस्तू जागच्या हलवू नका, फोटो काढा, उघडा भाग त्याच मातीने हलकेच झाका आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

कुदळ लावण्याआधी

सर्वांत आधी प्रश्न ठरवा. इमारत कधी बांधली हे शोधायचंय, ती कशासाठी वापरली जात होती हे हवंय, की वरून रस्ता जाणार असल्याने जेवढं वाचेल तेवढं वाचवायचंय? प्रत्येक प्रश्नाला खणायची जागा आणि खोली वेगळी लागते. ‘काय मिळतंय ते बघू’ म्हणून सुरू झालेलं उत्खनन बहुधा गरजेपेक्षा दुप्पट मोठं होतं.

मग न खणता किती कळतं ते पाहा, आणि बरंच कळतं. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे कोरड्या दिवसांत तिथलं पीक लवकर पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकावर ओल टिकते, तिथलं पीक हिरवं आणि उंच राहतं. ड्रोनने सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उजेडात फोटो काढले तर अशा रेषांवरून अख्ख्या इमारतीचा आराखडा उमटलेला दिसतो. मॅग्नेटोमीटर म्हणजे जमिनीतल्या चुंबकत्वातले बारीक फरक मोजणारं साधन. त्याला भाजलेल्या विटा, भट्ट्या आणि चुली चांगल्या कळतात, पण जवळ लोखंडी कुंपण असेल तर तो गोंधळतो. विद्युत रोध मोजण्याची पद्धत दगडी भिंतींसाठी भरवशाची आहे. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार खोलीचा अंदाजही देतं, मात्र ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी फार खाली पोचत नाहीत. झाडीखाली दडलेल्या चौथऱ्यांसाठी लायडार, म्हणजे विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरने केलेली मोजणी, उत्तम. एकाच साधनावर विसंबू नका. दोन पद्धतींनी एकाच जागी रेषा दाखवली की तिथे चाचणी चर घ्यायला हरकत नाही.

याच वेळी जतनतज्ज्ञाला जागेवर आणा आणि दोघांनी मिळून पाण्याचा अभ्यास करा. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे साचतं, भूजल किती वर आहे, माती खारट आहे का? या उत्तरांवरून पुढचा मोठा निर्णय होतो: हा भाग खणून झाल्यावर परत झाकायचा, छपराखाली ठेवायचा की उघडा ठेवायचा. तो निर्णय मोहिमेच्या शेवटी, पैसे आणि माणसं दोन्ही संपल्यावर घेतला जातो, असं सर्रास दिसतं. अंदाजपत्रकाच्या ज्या कागदावर मजुरी आणि तंबू लिहिता त्याच कागदावर वाळू, चुना, कापड, छप्पर आणि पुढच्या देखभालीचा खर्च लिहा. तो झेपत नसेल तर खणायचं क्षेत्र कमी करा. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात उत्खनन १७४८ पासून चालू आहे, तरी शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून मातीखाली आहे. उघडलेलं सांभाळतानाच दमछाक होते हे तिथल्या लोकांनी अनुभवातून ओळखलं आहे.

खणलेली माती कुठे टाकायची तेही आधीच ठरवा. ढिगाऱ्याखाली अवशेष नसावेत आणि ढिगारा चढाच्या बाजूला नसावा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळी माती परत खड्ड्यात येते. वरचा सुपीक थर वेगळा रचा, झाकताना तोच लागतो. दुरुस्तीला चुना लागणार असेल तर तो आत्ताच भिजत घाला. चांगला मुरायला त्याला कित्येक आठवडे द्यावे लागतात.

आखणी

कधीच हलणार नाही असा एक स्थिर बिंदू निवडा, त्याची उंची नक्की करा आणि यापुढचं प्रत्येक माप त्याच्या संदर्भात घ्या. मग खुंट्या आणि सुतळीने चौकटी आखा. मॉर्टिमर व्हीलर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत चौरसांच्या मध्ये न खणलेल्या मातीचे बांध ठेवतात. व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, आणि कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात जेरिकोला हीच पद्धत पुढे नेली. या बांधांच्या उभ्या बाजूंवर सगळे थर एकावर एक दिसतात, हा तिचा मोठा गुण. तोटा असा की नेमका महत्त्वाचा कोपरा किंवा दाराचा उंबरठा बांधाखाली अडकतो. इमारतींसाठी मी मधला मार्ग सुचवेन: सुरुवात चौरसांनी करा, थरांचे छेद (उभ्या कापात दिसणाऱ्या थरांची चित्रं) काढून घ्या आणि खोल्यांचा आराखडा कळू लागला की बांध थराथराने उतरवून सलग क्षेत्र उघडा.

थर वाचत खाली जाणं

जो थर सर्वांत शेवटी साचला तो सर्वांत आधी काढायचा, हा एकच नियम. पाळायला मात्र तो अवघड आहे. वरची ढिली माती कुदळ-फावड्याने काढली तरी चालते, पण रंग, कण किंवा कठीणपणा बदलला की करणी हातात घ्या. करणीच्या धारेने आपल्याकडे ओढत माती खरवडा, टोकाने उकरू नका. खरवडलेला पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट राहिला तरच पुढच्या थराची कड दिसते. करणीचा आवाजही बदलतो: राखेच्या थरावर मऊ, चोपलेल्या जमिनीवर कोरडा आणि खडखडीत.

प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, खड्ड्यातला प्रत्येक भराव आणि प्रत्येक भिंत यांना स्वतंत्र क्रमांक द्या. कोण कोणाच्या वर आहे, कोणी कोणाला कापलंय, हे लगेच लिहा. या नात्यांची आकृती मांडण्याची पद्धत एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये तयार केली आणि आज जगभर हॅरिस मॅट्रिक्स याच नावाने ती वापरली जाते. आकृती रोज संध्याकाळी भरा. दोन थरांचं नातं जुळत नसेल तर उत्तर अजून जमिनीत असतं आणि दुसऱ्या दिवशी तपासता येतं. महिन्याभराने तो थर उरलेलाच नसतो.

आता भिंत लागली असं धरू. पहिला मोह होतो तो भिंतीच्या कडेकडेने माती काढत पुढे जायचा. भिंत भराभर मोकळी होते, आराखडा दिसतो, फोटो छान येतात. अवशेषांचं याहून मोठं नुकसान क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. भिंतीचं वय आणि वापर सांगणारा पुरावा भिंतीत नसतो, भिंत आणि तिला टेकलेले थर यांच्या सांध्यात असतो. कडेने चर काढला की नेमका तो सांधाच जातो. मग एकीकडे भिंत राहते, दुसरीकडे थर राहतात आणि त्यांना जोडायला काहीच उरत नाही. म्हणून भिंतीला काटकोनात चर घ्या, दोन्ही बाजूंचे थर भिंतीला भिडताना छेदात दिसू द्या.

त्या छेदात काय शोधायचं? सगळ्यात खाली पायाचा चर. भिंत बांधणाऱ्यांनी जुने थर कापून तो खणला, त्यात पाया रचला आणि उरलेली फट मातीने भरली. त्या भरावात सापडलेली सर्वांत अलीकडची वस्तू, समजा एक नाणं, ज्या काळातली आहे त्याच्या आधी ही भिंत बांधली गेलेली असणं शक्य नाही. मात्र त्यानंतर किती वर्षांनी बांधली हे नाणं सांगत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येक इमारतींना चुकीचं शतक चिकटलं आहे. पायाच्या चराने कापलेले थर भिंतीपेक्षा जुने. भिंतीला येऊन टेकलेली जमीन, म्हणजे खोलीचा चोपलेला किंवा सारवलेला तळ, भिंतीनंतरची. जमिनीवर पडलेल्या वस्तू वापराच्या शेवटच्या दिवसांतल्या, आणि जमिनीखाली दबलेल्या वस्तू ती जमीन घालण्याआधीच्या. एकाच खोलीत तीन-चार जमिनी एकावर एक सापडतात, कारण लोक नव्याने सारवत, कोबा घालत आले. प्रत्येक जमीन वेगळी उघडा.

कधी भिंतच नसते, असतो फक्त ढिल्या मातीने भरलेला सरळ पट्टा. नंतरच्या लोकांनी दगड-विटा उपसून नेल्या आणि चर मागे राहिला. त्यातला भराव काळजीपूर्वक काढला तर भिंतीची जाडी आणि दिशा दोन्ही मिळतात, आणि लूट कधी झाली तेही कळतं.

कच्च्या विटांचं काम सर्वांत कसोटीचं. वीटही मातीची, सांध्यातला गाराही मातीचा, आणि आजूबाजूचा ढिगाराही त्याच भिंतीची पडलेली माती. इथे पाण्याची बारीक फवारणी करा आणि वाट पाहा. वीट आणि गारा वेगवेगळ्या वेगाने सुकतात, त्यामुळे थोडा वेळ विटांच्या कडा रेषेसारख्या उठून दिसतात. तेवढ्यात फोटो आणि खुणा उरकून घ्या. सकाळचा तिरपा उजेड यासाठी दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी चांगला.

ढिगारा म्हणजे कचरा नव्हे, हेही सांगायला हवं. सलग कोसळलेली भिंत पाडलेल्या पत्त्यांसारखी आडवी पडलेली असते. तिचे वीटथर मोजले की मूळ भिंतीची किमान उंची मिळते. त्यातच खिडकीची चौकट, कमानीचे दगड, छपराची कौलं ज्या क्रमाने पडली त्या क्रमाने सापडतात. हा ढिगारा घमेल्यांनी भराभर उपसला की इमारतीचा वरचा अर्धा भाग आपण स्वतःच नाहीसा केला.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. खोलीच्या आतली माती काढताना भिंतीच्या दोन्ही बाजूंची पातळी साधारण सारखी उतरवत जा. एकीकडे दीड मीटर भराव आणि दुसरीकडे मोकळं असेल तर मातीचा दाब जुनी भिंत सहज ढकलून देतो, पावसानंतर तर हमखास. दोन्ही बाजू उतरवता येत नसतील तर टेकू द्या. आणि माणसांसाठी: चर सव्वा मीटरपेक्षा खोल गेला की बाजू पायऱ्यांनी उतरवा किंवा फळ्यांनी आधार द्या, आणि खणलेली माती काठापासून निदान एक मीटर लांब ठेवा. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. ती अंगावर आली तर पळायला वेळ मिळत नाही.

नोंद: उत्खननानंतर खरं उरतं ते हेच

थर काढला की तो परत ठेवता येत नाही, म्हणून तो जिथे जपला जातो ती एकमेव जागा म्हणजे नोंद. कंबोडियात अंगकोरच्या बाफुओन मंदिराचा धडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. जतनासाठी १९६० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांनी ते दगड-दगड सुटं केलं आणि सुमारे तीन लाख दगड भोवतालच्या जंगलात क्रमाने मांडले. मग युद्ध आलं आणि ख्मेर रूज राजवटीच्या काळात सगळे आराखडे नष्ट झाले. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा प्रत्येक दगडाची जागा नव्याने शोधावी लागली. मंदिर पूर्ण व्हायला २०११ उजाडलं.

म्हणून रोजच्या नोंदींची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जाऊ द्या, तिसरी प्रत शक्य तर दुसऱ्या शहरात. प्रत्येक फोटोत मापपट्टी, उत्तरेचा बाण आणि क्रमांकाची पाटी हवी. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटो जोडून मापं काढण्याच्या तंत्राने, आज अर्ध्या तासात अख्ख्या खोलीचं त्रिमितीय प्रारूप होतं आणि ते जरूर करावं. तरीही पेन्सिलीने काढलेला आराखडा सोडू नका. साधारण १:२० प्रमाणात आराखडा आणि १:१० प्रमाणात छेद काढताना माणूस प्रत्येक दगडाकडे बघतो, हा सांधा की तडा हे ठरवतो. कॅमेरा ते ठरवत नाही.

नमुने याच टप्प्यावर घ्या. कार्बन-१४ या वय ठरवण्याच्या चाचणीसाठीचा कोळसा स्वच्छ करणीने उचलून थेट ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवा. जमिनीवरची माती पाण्यात घोळली की जळके दाणे तरंगून वर येतात आणि त्या घरात काय शिजत होतं ते समजतं. दरजांतला (दगड-विटांमधल्या सांध्यांतला) चुना, गिलावा आणि विटेचे तुकडे कोणतंही रसायन लावण्याआधी घ्यावेत, कारण दुरुस्तीचं मिश्रण त्यांच्याच तपासणीवरून ठरवायचं आहे.

उघडल्यानंतरचे पहिले तास

सर्वांत जास्त पडझड याच वेळात होते. हजारो वर्षं दमट राहिलेला गिलावा भर उन्हात आला की एका दुपारी तडकतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून नाजूक पृष्ठभाग दिसू लागताच वर सावलीचं कापड ताणा, गरज पडल्यास ओलसर कापडाने झाका आणि त्याला हळूहळू, काही दिवसांत सुकू द्या. कडा सुटत असतील तर बारीक चाळलेल्या वाळूच्या मऊ चुन्याने कडेला गोट भरा. त्यामुळे मागे पाणी शिरत नाही. गिलाव्याच्या मागे पोकळी असेल, म्हणजे बोटाने हलकं वाजवल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर चुन्याचा पातळ गारा सिरिंजने आत सोडतात. अगदीच गळायला आलेल्या रंगीत भागावर जपानी टिश्यू कागद पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेच्या पातळ द्रावणाने चिकटवून तात्पुरता धरता येतो. हे द्रावण ॲसिटोनमध्ये करतात आणि नंतर ॲसिटोननेच काढता येतं. मात्र पृष्ठभाग ओला असेल तर ते नीट धरत नाही, आणि हे काम प्रशिक्षित माणसानेच करावं.

फोटो चांगला यावा म्हणून भिंत पाण्याने धुऊ नका. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर अजिबात नको. भिंतीत शिरलेलं मूळ ओढू नका, ते बाहेर येताना सोबत दगड घेऊन येतं. खोड कापा, मूळ मरू द्या, मग तुकड्या-तुकड्यांनी काढून पोकळी भरा.

भिंत नेमकी कशाने झिजते

जवळजवळ नेहमीच पाण्याने, आणि पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी. जमिनीतली ओल विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढते, क्षार विरघळून सोबत येतात. पाणी पृष्ठभागावर उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. ते बाहेर बसले तर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि कोरड्या ब्रशने झाडता येतं. पृष्ठभागाच्या आत बसले तर वीट आतून फुटते. सोडियम सल्फेट सर्वांत घातक. हवेतला दमटपणा वाढला की ते पाणी धरून ठेवतं आणि त्याच्या स्फटिकाचं आकारमान सुमारे चौपट होतं, कोरडं झालं की पुन्हा आकसतं. दिवस-रात्र हेच चालू राहिलं की भाजलेली वीटसुद्धा पिठासारखी होते. मोहेंजोदडोच्या भिंती १९२२ पासूनच्या उत्खननानंतर याच क्षारांनी पोखरल्या, पायाशी आधी आणि सर्वांत जास्त.

त्यामुळे उपायही पायापासून सुरू होतो. भिंतीपासून जमिनीला बाहेर उतार द्या. खोलीत साचणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या, पण त्यासाठी जुनी जमीन फोडू नका. आधी जुनीच मोरी किंवा गटार सापडतं का ते बघा, त्या काळच्या गवंड्यांनी ती सोय बहुधा केलेली असते. पायाशी चिकणमाती किंवा चुन्याचं असं लिंपण द्या की ओल आणि क्षार मूळ विटेत न बसता त्या लिंपणात येतील. हे लिंपण झिजण्यासाठीच असतं. दर काही वर्षांनी ते खरवडून टाकायचं आणि नवं द्यायचं.

आणि सिमेंट वापरू नका. ‘मजबूत’ म्हणून ते जगभर वापरलं गेलं आणि त्याची किंमत मूळ विटांनी मोजली. सिमेंटची दरज जुन्या विटेपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, विटेतूनच पडते आणि क्षारही विटेतच बसतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधल्या विटा खोल खाल्लेल्या, असं दृश्य दिसतं. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात. लोखंडाचंही तसंच. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर प्राचीन कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे जोडायला लोखंडी पट्ट्या वापरल्या, पण त्यांच्याभोवती शिसं ओतून पाण्यापासून राखलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत निकोलाओस बालानोस यांनी लोखंड तसंच बसवलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर फुटला. १९७० च्या दशकापासून ते काढून टायटॅनियम बसवण्याचं काम चालू आहे. पॉम्पेईत युद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर काँक्रीट वापरून पुन्हा उभारलेली ग्लॅडिएटरांची वास्तू नोव्हेंबर २०१० मध्ये पावसात कोसळली.

चुन्याची दुरुस्ती

सुटलेली, पोकळ झालेली दरज लाकडी पाचर किंवा हाताच्या छिन्नीने साफ करा, ग्राइंडर लावू नका. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट झाली की पुरे. धूळ झाडा, मग भिंत चांगली भिजवा. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि चुना भुसभुशीत राहतो. मुरलेला चुना एक भाग आणि तीक्ष्ण कणांची स्वच्छ वाळू तीन भाग हे नेहमीचं प्रमाण. ओलसर जागी एक भाग वाळूऐवजी सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची पूड घाला, तिने चुना पाण्यातही धरतो. समुद्राची वाळू कधीच नको. मूळ चुन्याचं विश्लेषण वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. नवं मिश्रण जुन्यापेक्षा किंचित कमकुवत राहिलं पाहिजे, म्हणजे झीज त्याची होईल, मूळ विटेची नाही.

खोल दरज एका दमात भरू नका, दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर एकावेळी नको. दाबून भरा, थोडी आत ठेवा, विटेच्या तोंडावर चुना पसरू देऊ नका. नंतर ओली गोणपाटं टांगून निदान आठवडाभर ओलावा आणि सावली ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. थंडी गोठणबिंदूच्या जवळ जात असेल तर ते दिवस टाळा. हातमोजे आणि चष्मा घाला, ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो.

भिंतीचा माथा विसरू नका. पाणी सर्वांत आधी तिथून आत शिरतं. वरचे सुटे दगड चुन्यात बसवून उतार द्या, किंवा माती आणि उथळ मुळांचं गवत लावा. गवताचं आच्छादन तापमानातले चढउतार बरेच कमी करतं आणि नजरेलाही शोभतं. मात्र त्यात झुडपं रुजू लागली की लगेच उपटावी लागतात.

किती उभारायचं

शक्य तितकं कमी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी, स्पष्ट म्हटलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि उत्खनित स्थळी सुटे पडलेले मूळ भाग पुन्हा जुळवण्यापलीकडे काही उभारू नये. क्रीट या ग्रीक बेटावरच्या नोसॉसच्या प्राचीन राजवाड्यात उत्खनक आर्थर इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात प्रबलित काँक्रीटने मजले आणि रंगीत खांब उभे केले. आज तिथे इव्हान्स यांची कल्पना कुठे संपते आणि मूळ राजवाडा कुठे सुरू होतो हे सामान्य पाहुण्याला कळत नाही. याउलट इंडोनेशियातल्या प्रंबानन इथे किमान ७५ टक्के मूळ दगड मिळाल्याशिवाय मंदिर उभारायचं नाही असा दंडक आहे. मला तो फार आवडतो. आधारासाठी नवा दगड घालावाच लागला तर लांबून तो मिसळावा आणि जवळून ओळखू यावा.

परत झाकणं

उघडलेलं पुन्हा मातीआड करणं अनेकांना पराभव वाटतो. माझ्या मते बहुतेक ठिकाणी तेच सर्वांत चांगलं आणि स्वस्त जतन आहे. लंडनमध्ये १९८९ मध्ये सापडलेल्या शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोज’ नावाच्या नाट्यगृहाचे अवशेष वाळू आणि वर पाण्याच्या थराखाली ठेवले गेले, कारण ओली माती आणि लाकूड सुकू देणं म्हणजे ते गमावणं.

आधी शेवटची नोंद करा, गवत-मुळं काढा, कमकुवत भागांना आधार द्या. मग पृष्ठभागावर चाळलेली, क्षारमुक्त बारीक वाळू पसरा. त्यावर पाणी आणि हवा जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, म्हणजे पुढे खणणाऱ्याला जुनी पातळी कुठे सुरू होते ते कळेल. कापडावर चालू वर्षाचं नाणं टाकून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. त्यावर माती वीतभराच्या थरांनी भरा, हाताने चोपा, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखी. वरचा भाग थोडा उंचवटा करून ठेवा, कारण माती नंतर बसते. प्लास्टिकची ताडपत्री कधीही घालू नका. तिच्याखाली घाम धरतो, क्षार साचतात आणि मुळं ओलीच्या शोधात तिथेच येतात. भरावाची मातीही तपासून घ्या. टांझानियातल्या लाएटोलीच्या प्राचीन पाऊलखुणा १९७९ मध्ये ज्या वाळूखाली झाकल्या तिच्यात बाभळीच्या जातीचं बी होतं. झाडं वाढली, मुळं खुणांपर्यंत पोचली आणि १९९० च्या दशकात सगळं नव्याने करावं लागलं.

छप्पर

लोकांना दाखवायचंच असेल तर छप्पर हवं, पण वाईट छप्पर छप्पर नसण्यापेक्षा वाईट ठरतं. सिसिलीतल्या पियात्सा आर्मेरिनाच्या रोमन वाड्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस पारदर्शक आवरण घातलं. उन्हाळ्यात आत भट्टी पेटायची, शेवटी ते बदलावं लागलं. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या अक्रोतिरी या प्राचीन वसाहतीत २००५ मध्ये नवं छप्पर कोसळून एक पर्यटक दगावला आणि स्थळ २०१२ पर्यंत बंद राहिलं. खांब कुठे रोवणार, त्यासाठी कुठले थर फोडावे लागतील, छपरावरचं पाणी कुठे पडणार, वारा आरपार जाईल का, हे चार प्रश्न सोडवल्याशिवाय रचना मंजूर करू नका. कच्च्या विटांच्या भिंती छपराखालीही फार कोरड्या पडून तडकतात, त्यांचं लिंपण चालूच ठेवावं लागतं.

पुढची वर्षं

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा जागेवर जा आणि पाणी प्रत्यक्ष कुठून वाहतं ते पाहा. कागदावरचे उतार आणि खरे उतार यांत फरक निघतोच, आणि तो त्याच दिवशी दोन घमेली मातीने मिटतो. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, ठरलेल्या त्याच जागांवरून त्याच उंचीवरून फोटो घ्या. मोठ्या तड्यांवर खुणा करून रुंदी मोजत राहा. तीन वर्षं रुंदी तीच राहिली तर ती तड जुनी आहे, वाढत असेल तर वास्तू-अभियंत्याला बोलवा. तण काढणं, मोऱ्या साफ करणं, लिंपण बदलणं यासाठी जवळच राहणारी दोन माणसं शिकवून कायम नेमा.

उत्खननाचा अहवाल वेळेत छापा, आणि त्यात जतनाचं प्रकरण तेवढ्याच तपशिलाने लिहा: कोणत्या भिंतीला कोणत्या तारखेला काय लावलं, चुन्याचं प्रमाण किती, वाळू कुठली, कोणतं रसायन किती टक्क्यांचं, कुठे झाकलं आणि किती खोल. वापरलेल्या मिश्रणाचा एक वाळलेला तुकडा, क्रमांक टाकून, नमुन्यांच्या पेटीत ठेवा. तीस वर्षांनी दरज पुन्हा उघडणाऱ्या गवंड्याला आणि रसायनतज्ज्ञाला सर्वांत आधी तोच लागेल.